स्टू उंगर: 1981 आणि 1997 च्या मधली सोळा वर्षं गेली कुठं?

विश्रामबागचा_पक्या

मंडळी, पत्त्यांतल्या जाणकारांसाठी प्रश्न आहे. आमचा आतेभाऊ पुण्याहून सांगलीला आला की घरातल्या सगळ्यांना पोकर शिकवायला बसतो. पैसे नाहीत, शेंगदाणे लावतो. (आजी डाव चालू असतानाच पॉट खाऊन टाकते, ते वेगळं.) त्याच्या तोंडी सारखं एकच नाव, स्टू उंगर. असा खेळाडू झाला नाही आणि होणार नाही म्हणे.

मी थोडं शोधलं. लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर म्हणून जी मोठी स्पर्धा होते, तिची मुख्य स्पर्धा यानं 1980 ला मारली, 1981 ला मारली आणि मग थेट 1997 ला. पुढच्याच वर्षी एका साध्या मोटेलात मेलेला सापडला. मला कळेना झालंय ते हे की एवढा देवमाणूस होता तर मधली सोळा वर्षं करत काय होता? दुसरं म्हणजे, आतेभाऊ म्हणतो तो पोकरपेक्षा रमीत भारी होता. हे खरं की आजीला खूश करायला सांगतोय? आणि हातात काहीच नसताना नुसत्या दश्शीवर समोरच्याचा ब्लफ पकडला, ही गोष्ट खरी आहे का? मला तरी ती गावगप्पा वाटते.

कराडकर_07

नशापाणी. अजून काय असणार? एका ओळीत उत्तर आहे, उगाच शोधत बसू नकोस. आणि आजीला आधी टेबलावरून उठव.

यार्डातले_अण्णा

पक्या, कराडकर म्हणतात ते खोटं नाही. पण नशा करणारे व्हेगासमध्ये पैशाला पासरी होते, त्यातल्या कुणी तीनदा ही स्पर्धा मारली नाही. तेव्हा जरा बैजवार सांगतो, चहा घेऊन बस.

माझं म्हणशील तर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर उभी हयात गेली. आता दुकान पोरगा बघतो. रात्री लवकर झोप लागत नाही, मग यूट्यूबवर पोकरच्या जुन्या फायनली लावून बसतो. आमची मंडळी म्हणतात, कीर्तन ऐकायच्या वयात हे काय काढलंय. ऐकतोय कोण.

तुझा रमीचा प्रश्न आधी घेतो, कारण कुलपाची किल्ली तिथं आहे. स्टू मुळात पोकरचा माणूसच नव्हे. जन्म 1953 चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचं पोरगं. बाप बार चालवायचा आणि त्याच्या आडून बेटिंग घ्यायचा. म्हणजे घरात बाराखडीच्या आधी भाव आणि आकडे कानावर पडले. दहा वर्षांचा असताना हा जिन रमीची स्पर्धा जिंकून आला. पुढं तेराव्या वर्षी बाप गेला, आई आजारानं अंथरुणाला खिळली, शाळा दहावीत सुटली आणि पोरगं पत्त्यावर घर चालवायला लागलं. व्हिक्टर रोमानो म्हणून तिथल्या माफियातला एक माणूस पाठीशी उभा राहिला. त्यामुळं याचे पैसे बुडवायची कुणाची टाप नव्हती आणि तोंड इतकं फटकळ असून मार पडला नाही, तोही त्याच्याच पुण्याईनं.

आता जिन रमी म्हणजे आपली तेरा पानांची रमी नव्हे. दोघांतच खेळायची, प्रत्येकी दहा पानं, जोकर नाही. समोरचा काय उचलतो, काय टाकतो, टाकताना किती वेळ लावतो, यावरून त्याचा हात ओळखायचा. चार-सहा पानं पडली की स्टूला समोरच्याची सगळी पानं जवळजवळ उघडी दिसायची. त्या काळी हॅरी स्टाइन म्हणून जिनचा मोठा नावाजलेला खेळाडू होता. त्याला यानं असा धुतला की तो पुढं पैशाच्या डावात फारसा दिसला नाही म्हणतात. मग याच्याशी खेळायला कोण बसतंय? हा बापडा सवलती द्यायला लागला. गड्डीतलं तळाचं पान आधीच बघून घे म्हणायचा. तरी गिऱ्हाईक मिळेना. व्हेगासला आला तर तिथल्या जिनच्या स्पर्धावाल्यांनीही हात जोडले, कारण याचं नाव यादीत दिसलं की बाकीचे काढता पाय घ्यायचे.

मग ब्लॅकजॅक, म्हणजे कॅसिनोविरुद्ध खेळायचा पत्त्यांचा डाव. 1977 ला बॉब स्टुपॅक या कॅसिनोवाल्यानं पैज लावली. सहा कॅट एकत्र पिसायचे, त्यातले तीन संपल्यावर मागं कुठली पानं राहिली ते सांगायचं. पैज एक लाख डॉलरची होती आणि स्टूनं ती घेतली. अशा डोक्याच्या माणसाला कुठला कॅसिनो ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसू देईल? तिथूनही हाकलला. थोडक्यात, जे येत होतं ते सगळे दरवाजे बंद झाले आणि उरलं ते पोकर. स्वतः कायम म्हणायचा की पोकरमध्ये माझ्यापेक्षा वरचढ कुणी कधी निघेलही, जिनमध्ये निघणं शक्य नाही. तेव्हा तुझा आतेभाऊ आजीला लोणी लावत नाहीये.

1980 ची फायनल बघ एकदा. 73 खेळाडू, प्रत्येकी 10,000 डॉलर भरून आलेले. खेळ टेक्सास होल्डेम, दोन पानं हातात आणि पाच पानं टेबलावर सगळ्यांची मिळून. स्टू तोवर होल्डेम फारसा खेळलेलाच नव्हता. शेवटी समोर कोण, तर डॉइल ब्रनसन, 1976 आणि 1977 चा विजेता, टेक्सासचा धिप्पाड गडी. आणि हा सव्वीस वर्षांचा काटकुळा, बघणाऱ्याला वाटावं कुणाचं तरी पोरगं खुर्चीत येऊन बसलंय. ‘द किड’ हे नाव उगाच नाही पडलं. शेवटच्या डावात ब्रनसनकडं एक्का आणि सत्ती. टेबलावर आली तीन पानं, एक्का, सत्ती, दुर्री. दोन जोड्या लागल्या! आपण असतो तर घरदार लावलं असतं. स्टूकडं पंजी आणि चव्वी, म्हणजे तसं काहीच नाही. चौथं पान आलं तिर्री. एक्का-दोन-तीन-चार-पाच, ओळ लागली, ब्रनसन गार. ब्रनसननं पुढं सांगितलं की स्पर्धा चालू असतानाच सुधारत जाणारा खेळाडू आपण पहिल्यांदा बघितला.

1981 ला तर हा स्पर्धेला बसतोय की नाही इथून सुरुवात. मोठा डाव हरल्यावर यानं पानं वाटणाऱ्याच्या तोंडावर थुंकलं होतं. स्पर्धा ज्यांच्या जागेत व्हायची ते हॉर्सशू कॅसिनोचे म्हातारे मालक बेनी बिनियन म्हणाले, हा इथं पाय ठेवणार नाही. पोरगा जॅक बिनियन मध्ये पडला, की गेल्या वर्षीचा विजेताच नाही आला तर पेपरवाले काय छापतील? बसू दिलं. हा परत जिंकला. मला विचारशील तर म्हाताऱ्याचंच बरोबर होतं. पानं वाटणारा पगारी माणूस, त्याचा काय दोष?

आता ती दश्शीची गोष्ट. गावगप्पा नव्हे. आमच्या वडिलांच्या वेळी भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा. तोंडावर माशी बसली तरी पापणी न हलवणारे एकेक व्यापारी. तोंडाकडं बघून काही कळायचं नाही, पण बोट किती दाबलं, किती उशिरा सोडलं, यावरून वडील सांगायचे की हा अजून चढणार का इथंच थांबणार. स्टूचं काम त्या जातीचं.

मन्सूर मटलुबी म्हणून 1990 चा विजेता, मूळचा इराणचा, राहायला इंग्लंडात. या दोघांचा समोरासमोर डाव लागला, प्रत्येकी 50,000 डॉलर. त्यातला हा हात. टेबलावर पहिली तीन पानं तिर्री, तिर्री, सत्ती. स्टूनं 6,000 लावले, मन्सूरनं भरले. चौथं पान राजा, दोघंही गप्प. पाचवं राणी. मन्सूरनं होते नव्हते ते 32,000 पुढं सारले. स्टूकडं होती दश्शी आणि नव्वी. जोडी नाही, ओळ नाही, काही नाही. यानं मन्सूरकडं बघितलं आणि म्हणाला, तुझ्याकडं चार-पाच आहे नाहीतर पाच-सहा, मी भरतो. मन्सूरकडं होते चार-पाच.

ही जादू नव्हे, हिशोब आहे. जरा मांडून बघ. तिर्री-तिर्री-सत्तीवर मन्सूर पैसे भरतो म्हणजे काही तरी येण्याची वाट बघतोय. तिर्री आणि सत्तीच्या मधलं काय? चार-पाच असेल तर छक्की पाहिजे, पाच-सहा असेल तर चव्वी पाहिजे. दोन्ही आली नाहीत. राजा आला तेव्हा तो गप्प बसला, म्हणजे राजाची जोडी नाही. सत्ती असती तर एवढी रक्कम लावायचं कारणच नव्हतं, गुपचूप पानं उघडली असती. मग राहिलं काय, तर न लागलेली ओळ. टेबलावरची तिर्रीची जोडी, राजा आणि राणी दोघांचीही, पाचवं पान ज्याचं मोठं तो जिंकला. स्टूची दश्शी टेबलावरच्या सत्तीपेक्षा मोठी. एवढंच. पण 32,000 डॉलर समोर पडलेले असताना हा हिशोब शांतपणे करायला आणि त्यावर पैसे टाकायला छाती पाहिजे. आम्ही रमीला पाच रुपये पॉइंट लावले तरी हात थरथरतात.

आता तुझी सोळा वर्षं. ती रिकामी नव्हती रे बाबा. 1983 ला त्याच वर्ल्ड सिरीजमध्ये सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या दुसऱ्या प्रकाराचं ब्रेसलेट, म्हणजे तिथं विजेत्याला देतात ते कडं, मिळवलं. अमारिलो स्लिम हा 1972 चा विजेता, तो सुपर बोल ऑफ पोकर म्हणून दुसरी मोठी स्पर्धा भरवायचा, तिची मुख्य स्पर्धा स्टूनं तीनदा मारली. आणि रोजचे रोखीचे डाव चालूच. पैसा येत होता, नुसता येत नव्हता, पोत्यानं येत होता. अडचण अशी की पत्त्यांच्या टेबलावरून उठला की हा माणूस सरळ घोड्यांवर लावायचा. घोडे झाले की फुटबॉल, ते झालं की बास्केटबॉल. यातलं याला विशेष कळत नव्हतं. पहिल्यांदा गोल्फच्या मैदानावर गेला तर खेळ सुरू व्हायच्या आधी, नुसती चेंडू भोकात घालायची प्रॅक्टिस करतात त्या हिरवळीवरच 78,000 डॉलर घालवून आला म्हणतात. बँकेत खातं नाही. पैसे हॉटेलच्या तिजोरीत, नाहीतर खिशात. आमच्या दुकानात असा भागीदार असता तर दिवाळीच्या वहीपूजनाला वहीच सापडली नसती.

त्यात कोकेन. रात्र-रात्र चालणाऱ्या डावांत जागं राहायला म्हणून सुरू झालं आणि मग त्यानं धरलं ते सोडलंच नाही. संसार 1986 ला मोडला. 1989 ला मुलानं, बायकोच्या पहिल्या लग्नाचा पण यानं स्वतःचं नाव दिलेला, आयुष्य संपवलं. 1990 च्या स्पर्धेत तर असं झालं की हा चिप्सच्या, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या बिल्ल्यांच्या, डोंगरावर बसलेला आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत जमिनीवर बेशुद्ध सापडला. नियमाप्रमाणं खुर्ची रिकामी असली तरी प्रत्येक फेरीत त्याच्या ढिगातून ठरलेल्या चिप्स काढत राहिले. आणि ढीग एवढा मोठा की रिकाम्या खुर्चीनं नववा नंबर काढला! ती स्पर्धा मारली ती मन्सूरनं, वर सांगितलं तोच.

कराडकर, म्हणून मी म्हटलं तुमचं उत्तर अर्धं आहे. माझ्या मते रोग कोकेनच्या आधीचा. या माणसाला पैसा नुसता पडून असलेला बघवत नव्हता, तो कुठं तरी लागलेला पाहिजे. आणि गंमत म्हणजे, टेबलावर लोक त्याला टरकायचे ते त्याच्यासाठीच. बाकीचे 30,000 पुढं ढकलताना घराचे हप्ते आठवायचे, याला काहीच आठवायचं नाही. ज्यानं जिंकून दिलं त्यानंच धुऊन नेलं. एक काढून दुसरं ठेवता आलं असतं असं मला तरी वाटत नाही.

1997 चं थोडक्यात सांगतो, बोटं दुखायला लागली. कर्ज, कफल्लक, प्रकृती पार ढासळलेली. बिली बॅक्स्टर म्हणून जुना दोस्त, स्वतः चांगला खेळाडू, त्यानं अगदी शेवटच्या घटकेला याचे 10,000 भरले. पहिल्या दिवशी हा टेबलावर पेंगत होता. 312 खेळाडू. आणि तिथून जिंकला. फायनल रस्त्यावर मांडव घालून, फ्रीमाँट स्ट्रीटला उन्हात. गोल निळ्या काचांचा चष्मा घालून बसलेला तो फोटो तू बघितला असशीलच. दहा लाख डॉलर मिळाले, निम्मे बॅक्स्टरचे. याचे निम्मे काही महिन्यांत घोडे, सामने आणि नशेत गेले. 1998 ला बॅक्स्टरनं परत पैसे भरले तर स्पर्धा सुरू व्हायच्या जरा आधी, अंगात त्राण नाही म्हणून यानं नाव मागं घेतलं. 22 नोव्हेंबर 1998 ला ओअॅसिस मोटेलच्या खोलीत गेला. वय 45. खिशात 800 डॉलर. अंत्यविधीला वर्गणी काढली ती बॉब स्टुपॅकनं, ज्याच्याकडून एक लाखाची पैज जिंकली होती तोच.

मिरजेची_सिस्टर

अण्णा, छान लिहिलंत. एक भर घालते. तो निळा चष्मा स्टाइल म्हणून नव्हता. कोकेन नाकानं ओढलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. वर्षानुवर्षं तसं झालं की मधल्या पडद्याला रक्त मिळत नाही, तो सडतो, भोक पडतं आणि नाक आत बसतं. उंगरची एक नाकपुडी तशी बसली होती, लोकांचं लक्ष तिकडं जाऊ नये म्हणून चष्मा. माझी ड्यूटी बरीच वर्षं कान-नाक-घशाच्या ओपीडीत होती. आपल्याकडं कोकेनचे पेशंट क्वचितच, पण नाकात घालायचे ड्रॉप्स डॉक्टरला न विचारता महिनोनमहिने वापरून नाक खराब करून घेतलेले भरपूर येतात. कुणी वापरत असाल तर आजच थांबवा, सर्दी परवडली.

आणि तो ओव्हरडोसनं गेला असं काही ठिकाणी लिहितात. तपासणीत निघालं ते हृदयाचं दुखणं, रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या, अनेक वर्षांच्या नशेचा परिणाम. 45 व्या वर्षी सत्तरीतल्या माणसाचं हृदय.

विश्रामबागचा_पक्या

अण्णा, साष्टांग नमस्कार. दश्शीचा हिशोब आतेभावाला वाचून दाखवला, तो म्हणाला हे काका कुठल्या क्लबात खेळतात? म्हटलं हळदीच्या.

आता दोन उपप्रश्न. आतेभावाचे पोकरचे अॅप गेल्या वर्षी बंद पडले, तर तो म्हणतो रमीला सुप्रीम कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटलंय, मग पोकरनं काय घोडं मारलं? आणि 1997 चा शेवटचा डाव कसा होता, त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाही.

पोवईनाका_वकील

कायद्यापुरतं मी सांगतो, पत्त्यातलं मला कळत नाही. 1968 च्या आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, काय ठेवायचं काय टाकायचं हे ठरवावं लागतं, तेव्हा तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला काढलाय. त्यामुळं दिवाळीच्या तीन पत्तीला हा निकाल दाखवू नका. पोकरवर हायकोर्टांची मतं वेगवेगळी. 2017 ला गुजरात हायकोर्टानं तो जुगारच ठरवला. आपल्या राज्यात मूळ कायदा 1887 चा, त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे.

पण अॅप बंद पडले ते या कुठल्याच कारणानं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, सरसकट बंद. रमीही त्यातच आली. शेंगदाण्यांवर कायद्याचं काही म्हणणं नाही.

कराडकर_07

अण्णा, तुमचं सगळं पटलं, पण 1980 चा डाव तुम्हीच सांगितला. ब्रनसनकडं दोन जोड्या, याच्याकडं काहीच नाही, आणि तिर्री आली. हे नशीब नाही तर काय? 1997 ला पण असंच झालं असणार, बघा.

यार्डातले_अण्णा

कराडकर, पकडलंत. 1997 ला अगदी असंच झालं, किंबहुना जास्तच. पक्या, तुझाही प्रश्न यातच येतो.

समोर होता जॉन स्ट्रझेंप, पेशानं कॅसिनोचा वरिष्ठ अधिकारी, हौशी खेळाडू, पण त्या चार दिवसांत चांगला खेळला. त्याच्याकडं एक्का-अठ्ठी, स्टूकडं एक्का-चव्वी. टेबलावर एक्का, पंजी, तिर्री. दोघांनाही एक्क्याची जोडी आणि त्याच तीन पानांवर सगळ्या चिप्स आत गेल्या. पुढं अठ्ठी मोठी म्हणून स्ट्रझेंप वर. चौथं पान अजून एक तिर्री, तरी तोच वर. आणि पाचवं पान दुर्री. एक्का-दोन-तीन-चार-पाच! म्हणजे 1980 ला ज्या ओळीवर जिंकला, सतरा वर्षांनी त्याच ओळीवर. मी ती क्लिप बघितली तेव्हा आमच्या मंडळींना उठवून दाखवली. त्यांनी कूस बदलली.

पण नशीब किती ते नुसतं तोंडानं बोलू नका, मोजा. चौथ्या पानानंतर न दिसलेली पानं 44. स्टूला सरळ जिंकवणारी सात, चार दुर्र्या आणि उरलेल्या तीन चव्व्या. स्ट्रझेंपला जिंकवणारी चौदा. आणि बाकीची तेवीस अशी की त्यातलं कुठलंही आलं तरी पॉट निम्मा-निम्मा, कारण नव्वीपासून राजापर्यंतचं कुठलंही पान पडलं की अठ्ठीचा उपयोग संपला, आणि एक्का किंवा तिर्री आली तर दोघांचाही फुल हाऊस, म्हणजे तीन सारखी पानं आणि एक जोडी, सारखाच. म्हणजे हा डाव वाटतो तेवढा एकतर्फी नव्हता, पण स्टू मागं होता हे शंभर टक्के खरं. त्या एका पानात नशीबच, मान्य.

आता दुसरी बाजू. स्टूकडं चिप्स स्ट्रझेंपपेक्षा बऱ्याच जास्त होत्या. हा हात गेला असता तरी तो बाहेर पडला नसता, खेळ पुढं चालला असता. 312 जणांतून तेवढा ढीग घेऊन शेवटच्या दोघांत येणं, तेही एका नाकपुडीनं श्वास घेत, हे त्या दुर्रीनं केलेलं नाही. मुख्य स्पर्धा तीनदा नावावर असलेला दुसरा माणूस एकच, जॉनी मॉस, आणि त्याचं 1970 चं पहिलं जेतेपद खेळाडूंनी मतं देऊन ठरवलेलं होतं, टेबलावर शेवटपर्यंत खेळून नव्हे. तेव्हा तीनही वेळा टेबलावर मारणारा हा एकटाच.

पक्या, आतेभावाला सांग, पुढच्या वेळी आला की यार्डात घेऊन ये. पोकर नको, जिन मांडू. तळाचं पान आधी बघायला देतो.

विश्रामबागचा_पक्या

आणतो. आजी पण येते म्हणतेय. शेंगदाणे तुम्ही आणा, आमच्याकडचे संपले.